दाजींची कमळव्वा

लग्नाला जाऊन दिवे कधी जातात याची वाट पाहत बसणारा माणूस अख्ख्या हुबळी-धारवाडात एकच निपजला, आणि तो नेमका आमच्या घराचा जावई झाला. आमचे दाजी, म्हणजे माझ्या थोरल्या अक्काचे यजमान. बाकीचे लोक लग्नाला जातात ते अक्षता टाकायला, जेवायला, साड्या बघायला, आणि ज्यांना यातलं काहीच साधत नाही ते निदान नावं ठेवायला. दाजी जायचे ते करंट जावा म्हणून. कमरीपेठेत त्यांचा जनरेटर भाड्याने द्यायचा धंदा होता. लग्न, बारसं, गणपती, नाटक, पुढाऱ्याचं भाषण, जिथे चार माणसं आणि एक माईक, तिथे मागच्या अंगाला दाजींचं मशीन उभं असायचंच. आत मंगलाष्टकं सुरू असायची आणि बाहेर हा गृहस्थ पालथ्या डब्यावर बसून खांबावरच्या तारांकडे असा बघायचा, की बघणाऱ्याला वाटावं, याचीच नजर लागून करंट जातो. आणि गेला की काय आनंद! "करंट होतु!" अशी कन्नडातून आरोळी ठोकून ते उठायचे, हँडल मारायचे, चेंजओव्हरचा दांडा खटकन फिरवायचे आणि आत दिवे यायचे. पुन्हा खांबावरचा करंट आला की तितक्याच जोरात "बंतु!" एखाद्या लग्नात करंट गेलाच नाही, तर दाजींचा चेहरा, पंगत न जेवता उठून गेल्यावर आचाऱ्याचा होतो तसा व्हायचा. "काय लग्न म्हनायचं हे," ते म्हणायचे. "एकदा सुद्दा आंधार न्हाई."

या मशीनचं नाव कमळव्वा. हे दाजींच्या आईचं नाव. आई वारल्यावर महिन्याभरात दाजींनी स्वतःचं पहिलं मशीन घेतलं आणि तिच्या आठवणीसाठी पुढच्या पत्र्यावर लाल रंगाने नाव काढून घेतलं. अक्का तेव्हा मला म्हणाली होती, "शैला, बाकीच्यांची सासू गेली की जाते गे. माझी परत येऊन अंगणात बसली." नाव मात्र शोभत होतं. मूळ कमळव्वाबाई सकाळी उठल्यावर पहिली घटकाभर नुसत्या कुरकुरत, मग खोकत, आणि एकदा लागल्या की रात्रीपर्यंत थांबत नसत. मशीनची रीत तंतोतंत तीच. दाजी तिला हँडल मारण्याआधी पाया पडत. दसऱ्याला तिला हिरवी साडी नेसवत, आणि अक्काची साडी नेहमी तिच्यानंतर येई. मुलीच्या शाळेतल्या कार्यक्रमाला उशीर झाला तरी चालेल, पण कमळव्वाच्या तेलपाण्याला उशीर चालत नसे. अक्का भांडायची. दाजी शांतपणे ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "तू रागावलीस तर माहेरी अळणावरला जाशील. ही रागावली तर लग्न थांबतंय."

तसा या माणसाने स्वतःच्या लग्नातही हाच उद्योग केला होता. आमचं गाव अळणावरजवळ. शाळेच्या पटांगणात मांडव घातलेला. दाजी तेव्हा सुभाष रोडवरच्या एका जनरेटरवाल्याकडे कामाला होते, आणि मालकाने कौतुकाने लग्नापुरतं मशीन फुकट पाठवलं होतं, सोबत मालक स्वतः. गोरज मुहूर्त. अंतरपाट धरलेला, भटजींनी आवाज लावलेला, आणि नेमके दिवे गेले. मालक हँडल मारतोय, मशीन दाद देत नाही. अंधारात सगळ्यांचा कोलाहल. मग एकाएकी मशीन धडधडलं, लख्ख उजेड पडला, आणि पाहतो तो अंतरपाटाच्या पलीकडे नवरा मुलगाच नाही! नवरदेव मांडवामागे मुंडावळ्या पाठीवर टाकून, हातात हँडल घेऊन मालकाला दम देत होते की रेडिएटरात पाणी कोण घालणार होतं. आमचे वडील डोक्याला हात लावून बसले. आईला मात्र जावई तिथल्या तिथे आवडला. "अंधारात उठून कामाला लागला," ती म्हणाली, "आणखी काय बघायचं असतं?"

मशीनशेजारी आयुष्य गेल्याने दाजींना हळू बोलणं म्हणजे काय हे ठाऊकच नव्हतं. घरात मीठ मागायचं तरी ते कमळव्वा चालू आहे अशाच आवाजात मागत. ते हुबळीहून मला फोन करत तेव्हा धारवाडात आमच्या शेजारच्या बाई दार उघडून "काय झालं?" म्हणून विचारत. त्यांच्या कुजबुजण्याचा तर आम्ही धसका घेतला होता. माझ्या लग्नाच्या बोलणीत, पाहुणे समोर बसलेले असताना, दाजी माझ्या कानाशी वाकून गुपचूप म्हणाले, "पोरगा चांगला हाय, पण बापाच्या दातांकडं बघू नको." माझे होणारे सासरे त्यानंतर चहा संपेपर्यंत ओठ मिटून बसले. लग्न मोडलं नाही हे नशीब. सासरे पुढे दाजींचे मोठे दोस्त झाले, आणि त्यांनी कवळी बसवली तेव्हा पहिल्यांदा दाखवायला कमरीपेठेतच गेले.

माणसं ओळखायची दाजींची एकच पद्धत होती. लोड. कुणाचंही नाव काढा, दाजी आधी विचारत, "लोड किती घेतोय?" माझे यजमान बँकेत होते, कमी बोलणारे, दोन पोळ्या खाऊन उठणारे. त्यांच्याबद्दल दाजींचं मत फार चांगलं. "तुझा नवरा म्हंजे ट्यूबलाईट," ते मला म्हणाले. मी डोळे वटारले तर गडबडून म्हणाले, "आगं, चांगलं म्हनालोय मी. लोड घेत न्हाई, उजेड देतोय." माझी एक नणंद आल्याबरोबर सगळ्या घराला कामाला लावायची. ती चार दिवस राहायला आली की दाजी फोनवरून चौकशी करत, "मोटर आली काय? मग डिझेल जास्त भरून ठेव." मी शाळेत शिकवते म्हणून मला ते एरवी मास्तरीणबाई म्हणत, आणि माझं लोड किती हे मात्र मी कितीही विचारलं तरी त्यांनी सांगितलं नाही. "तुमचं मीटर फिरतंय ते दिसत न्हाई," म्हणून सुटत.

गंमत अशी, की हुबळीतली निम्मीअधिक लग्नं लावूनही या माणसाने एक लग्न धड आतून पाहिलं नव्हतं. मशीन सोडून जायचं नाही हा नियम. जेवणही मागच्या दाराने पत्रावळीवर यायचं, सगळ्यांच्या शेवटी, त्यामुळे कुठल्या घरच्या लग्नात भात पुरला नाही हे अचूक सांगणारे दाजीच. पण आत काय चाललंय ते त्यांना बाहेर बसून कळायचं, तेही कमळव्वाच्या आवाजावरून. आचाऱ्याने मिक्सर लावला की ती कण्हायची. व्हिडिओवाल्याने मोठा दिवा लावला की दबायची. "आता फोटो चालू झाले," दाजी म्हणत. "आता आहेर आलाय. आता रुसलेल्या मामाला मनवून परत आणलंय, पंखे सगळे चालू केलेत." माझ्या लग्नात मुहूर्ताआधी जे दिवे गेले ते संध्याकाळपर्यंत आलेच नाहीत, त्यामुळे दाजींचा तो आयुष्यातला सर्वांत सुखाचा दिवस. पण पाठवणीच्या वेळी मी गाडीपाशी उभी राहून सगळ्यांच्या गळ्यात पडले, दाजी काही आले नाहीत. मला वाईट वाटलं. राग आला म्हटलं तरी चालेल. पुढे पाचपरतावणाला आले तेव्हा मी विचारलं, "दाजी, सगळे आले, तुम्ही का नाही आलात?" ते म्हणाले, "मशीन सोडून कसं यायचं? पन मला समजलं की ओ तू निघालीस ते. व्हिडिओवाल्यानं दारात दिवा धरला, कमळव्वा दबली. मग म्या म्हनलं, शैला निघाली." एवढं बोलून ते भलतीकडेच बघायला लागले, आणि मीही तो विषय सोडला.

मग ऊन वाढलं. पूर्वी आमच्या धारवाडात पंखा म्हणजे श्रीमंतीचं प्रदर्शन. पेन्शनीतली माणसं हवेसाठी इथे घरं बांधत, आणि चैत्रातसुद्धा पहाटे अंगावर पांघरूण ओढावं लागे. हळूहळू पंखे आले, कूलर आले, कार्यालयांना एसी आले. पावसाने दगा दिला की धरणं आटायची आणि करंट तासन्‌तास जायचा, आणि ऐन लग्नसराईत भलत्याच वेळी वादळ येऊन खांब आडवे करायचं. सगळं जग हवालदिल, आमचे दाजी मात्र खुशीत. कमळव्वाला जोडीला आणखी एक मशीन आलं, त्याला त्यांनी नाव दिलं नाही, नुसतं "दुसरं" म्हणत. उकाड्याने पाहुणे लग्नपत्रिकांनीच वारा घेतायत आणि दाजी मागे घामाने निथळत, धुराने काळे होत म्हणतायत, "वाढू दे ऊन! आनखी वाढू दे!" अक्का म्हणायची, असलं मागणं देवाजवळ मागू नका. देवाने ते ऐकलं, पण पुढचं दाजींनी धरलेलं नव्हतं. ज्या उन्हाने त्यांना चांगले दिवस दाखवले, त्याच उन्हाने त्यांचं काम काढून घेतलं.

आणि ते काढून घ्यायला बाहेरचं कुणी आलं नाही. दाजींची एकुलती एक मुलगी, आमची ज्योती, इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा करून सोलर बसवणाऱ्या एका कंपनीत लागली. लहानपणापासून अप्पांच्या, म्हणजे दाजींच्या, मागे तारा गुंडाळत फिरलेली पोर, करंट तिच्या बोटांत होता. दाजींनी पेढे वाटले. पोरगी नेमकं काय बसवणार आहे हे त्यांनी पेढे वाटून झाल्यावर विचारलं. देशपांडे नगरातलं एक कार्यालय होतं, जिथे मागच्या भिंतीला कमळव्वाच्या धुराचा काळा डाग कायमचा उमटला होता. ज्योतीचं पहिलं मोठं काम त्याच कार्यालयाच्या गच्चीवर निघालं. गच्चीवर पॅनेल, खालच्या खोलीत बॅटऱ्या. करंट गेला तरी आत दिव्याची पापणी लवणार नाही, म्हणाली. दाजी खाली उभे राहून पाहत होते. "ऊन साठवून ठेवनार म्हनं," ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होते. "लोनचं हाय काय?" गच्चीवरून ज्योती ओरडली, "अप्पा, खाली सगळं ऐकू येतंय!" आवाज तिचाही बापाचाच.

त्यानंतर त्या घरात रोज जेवताना वाद. मी सुट्टीला गेले की दोन्ही बाजू मला पंच नेमत. दाजी म्हणत, "ढग आले की काय करनार? ढगाला हँडल मारनार?" ज्योती म्हणे, त्यासाठीच बॅटरी असते. "आनि बॅटरी म्हातारी झाली की?" ज्योती म्हणे, "अप्पा, कमळव्वा काय कुमारी आहे?" अक्का हसून हसून ताट सोडायची. पण एकदा वादात दाजींना खोकल्याची उबळ आली. ती बराच वेळ थांबेना. पाणी दिलं, पाठ चोळली. देशपांडे नगरातल्या डॉक्टरांनी धुरापासून लांब राहायला सांगितलं होतं, ते दाजींनी घरात सांगितलंच नव्हतं. खोकला थांबल्यावर ज्योती रडवेली होऊन म्हणाली, "मी हे काम का घेतलं वाटतं तुम्हाला? लहान असताना तुम्ही मला उचलून घ्यायचा तेव्हा तुमच्या सदऱ्याला धुराचा वास यायचा. रात्री खोकायचा तेव्हा मी जागी असायचे. मला तुमचं काम घालवायचं नव्हतं अप्पा, खोकला घालवायचा होता." दाजी भाताचा घास घेत म्हणाले, "खोकला माज्या वळखीचा हाय गे. तो कुटं जातोय?" पण त्या दिवशी त्यांनी दुसऱ्यांदा भात मागितला नाही.

एकेक कार्यालय गच्चीवर पॅनेलांनी निळं झालं. दाजींना बोलावणी कमी झाली, मग थांबली. "दुसरं" मशीन त्यांनी विकून टाकलं. कमळव्वाला नाही. दर मंगळवारी सकाळी ते तिला अंगणात थोडा वेळ चालवत, "श्वास घेऊ दे" म्हणून. कमरीपेठेतले लोक त्या आवाजावर मंगळवार ओळखायला लागले. लग्नाच्या तिथीला मात्र दाजी सकाळीच आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून ओट्यावर बसायचे. कुणी विचारलं, "कुटं निगालात अप्पा?" तर म्हणायचे, "कुटं न्हाई. तिथी हाय न्हवं आज."

अशात ज्योतीचं लग्न ठरलं. मुलगा चांगला, दाजींच्या भाषेत "लोड न घेनारा". कार्यालय तेच, देशपांडे नगरातलं. ज्योतीने बापाला एकच अट घातली. "अप्पा, माझ्या लग्नात तुम्ही पहिल्यापासून शेवटपर्यंत आत. कमळव्वा नको." दाजींनी मान डोलावली. अक्काने लग्नाच्या सकाळी बेसन, लिंबू आणि नारळाची शेंडी घेऊन त्यांचे हात असे घासले की वर्षानुवर्षांचं काळं निघून आत नवाच माणूस सापडला. रेशमी उपरणं, पटका, कपाळाला गंध. आम्ही कार्यालयात पोचलो. मी सहज मागच्या बाजूला डोकावले, तर डाग पडलेल्या भिंतीपाशी ताडपत्री पांघरून कमळव्वा उभी! वर झेंडूची माळ. मी दाजींकडे पाहिलं. ते कुजबुजले, म्हणजे अर्ध्या मांडवाला ऐकू गेलं, "लग्नाला आलीया ती. पावनी म्हनून. चालू करत न्हाई." ज्योतीने आतून ऐकलं आणि कपाळाला हात लावला, पण हसली.

अक्षता व्यवस्थित पडल्या. दाजी सगळा वेळ आत होते, पण बसलेले दिसत नव्हते. परक्या गावी आल्यासारखे उभे राहत, पंख्यांकडे बघत, दिव्यांकडे बघत. मग कन्यादान. दाजी पाटावर बसले, जावयाच्या हातावर ज्योतीचा हात, त्यावर दाजींचा, आणि अक्का वरून पाण्याची धार धरणार, तेवढ्यात कार्यालयामागच्या गल्लीतली पिठाची गिरणी थांबली. आम्हाला कुणालाच कळलं नाही. गिरणीचा आवाज असतो हेच मुळात कुणाच्या ध्यानात नव्हतं. पण दाजींचं अंग एकदम ताठ झालं. "करंट होतु!" त्यांनी अशी आरोळी ठोकली की भटजींच्या हातची पळी पडली. पाट सरकवून, उपरणं सावरत, आहेर मांडलेलं टेबल ओलांडून वधूपिता मागच्या दाराने पसार! सनई थांबली. जावयाचे वडील मला विचारू लागले, "काय रागावले काय ते? आमचं काही चुकलं?" अक्का हातातला तांब्या तसाच धरून म्हणाली, "न्हाई ओ. माझ्या लग्नात बी असंच केलं त्यांनी." मी मागे धावले.

दाजी ताडपत्री फेकून, हँडल बसवून उभे होते. हात खांद्यापर्यंत वर गेलेला, पण हँडल फिरवलेलं नव्हतं. ते वरच्या झरोक्याकडे बघत होते. झरोक्यातून आतला पंखा दिसत होता. माईकवर भटजी विचारत होते, "वधूपिते कुठे गेले?" आवाज खणखणीत.

"फिरालंय की ओ," दाजी म्हणाले.

"हो दाजी."

"गिरनी बंद पडली. करंट न्हाई. मी सोत्ता ऐकलं."

"बॅटरीवर चाललंय. ज्योतीनंच बसवलीय ना."

ते पंख्याकडे बघतच राहिले. मग हँडल हळूच काढून त्यांनी कमळव्वाच्या पत्र्यावर ठेवलं. "पापनीसुद्दा लवली न्हाई," ते म्हणाले. "चांगलं बसवलंय पोरीनं." त्यांचा चेहरा अभिमानाने फुलला होता आणि त्याच वेळी पार उतरलाही होता. एका चेहऱ्यावर ही दोन्ही कशी मावली कोण जाणे, पण मी ती पाहिली. ते म्हणाले, "मग मास्तरीणबाई, मी आता उबं कुटं राहायचं?"

मुलांना मी वर्गात हजार प्रश्नांची उत्तरं दिली असतील. तेव्हा मला एवढंच सुचलं, "आत, दाजी. अक्काचा हात भरून आला असेल."

ते परत आले तेव्हा हात पुन्हा डिझेलने काळे. भटजी म्हणाले, धुऊन या. ज्योती म्हणाली, "नको, असू देत." तिने ते काळे हात आपल्या हातावर ओढून घेतले आणि म्हणाली, "सकाळपासून परक्याचे वाटत होते." अक्काने धार सोडली. कन्यादानाचं पाणी त्या दिवशी जरा काळपट निघालं आणि जावयाच्या पांढऱ्या उपरण्यावर एक डाग पडला. तो त्याने अजून धुऊन काढलेला नाही, असं ज्योती सांगते.

दुपार कलली, पाठवणीची वेळ झाली. एव्हाना करंट आला होता, गिरणी चालू होती, बाहेर रणरणतं ऊन. ज्योती गाडीपाशी उभी, एकेकाच्या गळ्यात पडतेय, आणि पुन्हा दाजींचा पत्ता नाही. "अप्पा कुठे आहेत?" तिने मला विचारलं. मी आत बघायला वळणार तोच कार्यालयामागून आवाज आला. आधी कुरकुर, मग खोकला, मग कमळव्वा लागली. काळा धूर उठून गच्चीवरच्या निळ्या पॅनेलांवरून तरंगत गेला. मॅनेजर धावत आला, "कोणी चालू केलं? करंट आहे की! सोलर आहे की!" तो मागे पळणार, तर अक्काने त्याचा हात धरला. "राहू द्या," ती म्हणाली. "घटकाभर चालू दे."

मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तुला ठाऊक न्हाई शैला? प्रत्येक पाठवणीला हेच. कुणाची का पोरगी असेना. मशीनजवळ तोंड नेऊन रडतात, मोठ्यांदा, लहान मुलासारखे. मशीन चालू असतंय म्हणून कुणाला ऐकू येत न्हाई. तुझ्या वेळी तर संध्याकाळी घसाच बसला होता. मी विचारलं, तर म्हणाले, धुरानं."

हुबळीतल्या किती मुली सासरी गेल्या, आणि त्या प्रत्येकीसाठी भिंतीमागे एक माणूस हमसून रडला, याचा एकीलाही पत्ता नाही. मला नव्हता. त्यांच्यावर रागावून मी त्या दिवशी गाडीत बसले होते.

ज्योती शालू उचलून मागे गेली. मी कोपऱ्यापर्यंत गेले आणि थांबले. बापलेक कमळव्वापाशी उभे होते. दाजींचा पटका सुटला होता. दोघांचेही ओठ हलत होते, दोघंही नेहमीच्या आवाजात बोलत असणार, पण त्या धडधडीत एक अक्षर माझ्यापर्यंत आलं नाही. मग ज्योतीने वाकून आधी त्यांना नमस्कार केला, नंतर कमळव्वाला, आणि डोळे पुसत गाडीकडे आली. गाडी वळणाआड जाईपर्यंत मशीन चालू होतं. मग बंद झालं.

मी जवळ गेले. दाजी पालथ्या डब्यावर बसले होते. ते म्हणाले, "पोरीला वाटंत प्यायला पानी दिलंय न्हवं?" मी दचकलेच. इतक्या वर्षांत त्यांचा इतका हळू आवाज मी कधी ऐकला नव्हता. अगदी लहानसा, मऊ आवाज होता तो. मी म्हटलं, "दिलंय दाजी."

आता दाजी सकाळी लवकर ज्योतीच्या कंपनीची पॅनेलं धुवायला जातात, कार्यालयांच्या गच्च्यांवर, ऊन चढायच्या आत. खोकला पुष्कळ कमी झालाय, पण ते कबूल करत नाहीत. पाणी मारता मारता खालच्या मांडवातली तयारी वरून बघतात आणि कुठे वायर उघडी दिसली तर वरूनच अशी हाक देतात की मांडववाले शिडी सोडतात. कमळव्वा अंगणात आहे. मंगळवारी श्वास घेते.

गेल्या महिन्यात माझ्या मुलीचं लग्न ठरलं आणि मी धारवाडातलं एक नवं कार्यालय बघायला गेले. मालकाने मोठ्या उत्साहाने गच्ची दाखवली, बॅटऱ्या दाखवल्या, किती धूर वाचतो ते सांगितलं. मला सगळं पटलं. मी एवढंच विचारलं, "मागच्या बाजूला एक जनरेटर उभा राहील इतकी जागा आहे ना?" तो हसला. म्हणाला, "बाई, इथं जनरेटरची गरजच पडत नाही. करंट गेलेला तुम्हाला कळणारसुद्धा नाही."

मी म्हटलं, "दिव्यांसाठी नकोय. आमच्या दाजींसाठी हवाय."